दोन आणि चार सोडून

उमाटे साहेब गाडीचा दुसरा गियर टाकत नसत. चौथाही नाही. ही गोष्ट मी त्यांच्या माघारी सांगतोय असं समजू नका, ते स्वतःच ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगत. लोक मुलाची नोकरी सांगतात, लेआउटमधला प्लॉट सांगतात. साहेब गियर सांगत. "एक, तीन, पाच. बास. बाकीचे दोन कंपनीनं भित्र्या लोकाइसाठी देल्ले," असं म्हणून ते समोरच्याच्या तोंडाकडे पाहत राहत. समोरच्यानं "असं काय!" म्हटलं तर तो माणूस हुशार ठरे, आणि "काऊन बरं?" विचारलं तर त्याची खैर नसे, कारण मग चहा थंड होईपर्यंत व्याख्यान चाले.

मी वर्ध्याला राहतो आणि नोकरी आष्टीला करतो. अशा माणसाला आमच्याकडे अपडाऊनवाला म्हणतात. सरकारला वाटतं की आम्ही मुख्यालयी राहतो, आणि सरकारला तसं वाटत असेल तर आम्ही कशाला मोडता घालायचा? अपडाऊनवाल्याचा सगळा जीव गाडीतल्या जागेत असतो. एस.टी.नं जायचं तर आर्वीला बदलावी लागते, आणि पुढची बस लागलेली नसली की ऑफिस राहिलं बाजूला, स्टँडवरच्या बाकावर बसून उकडलेल्या शेंगा खायच्या. म्हणून एखाद्याकडे गाडी असली की दोघं-तिघं तिच्यात बसतात, पेट्रोल वाटून घेतात आणि ज्याची गाडी त्याची मर्जी सांभाळतात. आमच्या नशिबी उमाटे साहेबांची मर्जी आली होती.

साहेब आष्टीला एका खात्यात अधिकारी होते. पन्नाशी उलटलेली, मिशी काळी केलेली, शर्टाच्या खिशाला दोन पेन. डाव्या हातात पांढरा सुती मोजा घालत, फक्त डाव्या हातात. तो गियरचा हात. उजव्या हाताचं काम कोणीही करू शकतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या सीटवर राऊतबाबू बसत. साहेबांच्याच कचेरीतले कारकून असल्यामुळे मान डोलावणं हा त्यांच्या नोकरीचा भागच होता. मागे मी आणि मेश्राम मॅडम. मॅडम आमच्याच इमारतीत, पण दुसऱ्या खात्यात हिशेबाचं काम पाहत. बोलायला कमी, कामाला चोख. त्यांचा नवरा चंद्रपूरला नोकरीला आणि मुलगी वर्ध्याला दहावीत होती.

साहेबांचं शास्त्र मोठं होतं. गियरच्या दांड्यावर आकडे कोरलेले असतात ना, त्यात एक, तीन आणि पाच वरच्या रांगेत येतात, दोन आणि चार खालच्या. "हे पाहा," साहेब मोज्यातलं बोट दाखवून म्हणत, "आपला हात नेहमी वरच गेला पायजे. खालच्या लायनीत आपलं काम नाई." हे ऐकताना मेश्राम मॅडम खिडकीबाहेर पाहत. राऊतबाबू म्हणत, "वा साहेब, काय बोलले!" आणि मला वाटे की साहेब आणि राऊतबाबू या दोघांना आंजीच्या पुलावर उतरवून द्यावं आणि पुढे जावं. पण गाडी माझी नव्हती.

आता खरं सांगायचं तर गियर सोडण्यात पाप काही नाही. गाडीनं वेग धरला असला, रस्ता सपाट असला, की तिसऱ्यावरून सरळ पाचव्यावर जाणारे चांगले ड्रायव्हर मी पाहिलेत. ब्रेक मारून गाडी हळू केली की पाचव्यावरून तिसऱ्यावरही येतात. इंजिनाचा आवाज ऐकून ते ठरवतात. साहेब इंजिनाचा आवाज ऐकतच नसत, कारण त्या वेळी ते स्वतः बोलत असत. गाडी नुकती हलली, बैलाच्या चालीनं चालली, की यांनी टाकला तीन. मग गाडी हुंदके देई. डॅशबोर्ड खडखडे, आरशाला बांधलेलं लिंबू-मिरची नाचे, मागच्या सीटवर आमची डोकी पुढं-मागं होत. अशा वेळी बोलायचं नाही हा नियम होता. उलट राऊतबाबू आवाज चढवून साहेबांच्या मुलाच्या पुण्याच्या फ्लॅटबद्दल विचारत, म्हणजे इंजिनाचं रडणं झाकलं जाई. गाडी एकदाची वेगात आली की साहेब मागे वळून म्हणत, "पाह्यलं? कशी उचलली!"

एकदा खरांगण्याच्या अलीकडे आमच्यापुढे कापसाची बैलगाडी होती. साहेब पाचव्यावर होते. ब्रेक मारला, बैलगाडीच्या मागे रांगत राहिले, आणि जागा मिळाल्यावर त्याच पाचव्यावर गाडी पुढं काढायला लागले. गाडी अशी थरथरली की आम्हाला दातावर दात दाबून धरावे लागले. बाजूनं मोटारसायकलवर एक शेतकरी चालला होता, मागे फवारणीचा पंप बांधलेला. त्यानं आमच्या खिडकीशी गाडी आणली, आत वाकून पाहिलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "साहेब, गाडीले हिव भरलं काय? गोळी द्या ना तिले." आणि गेला निघून. मेश्राम मॅडमनी पदर तोंडाला लावला. मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट केला, जो नीटच होता.  आर्वी आल्यावर साहेब म्हणाले, "गावठी लोकाइले गाडीतलं काय समजते?" राऊतबाबू म्हणाले, "नाई समजत साहेब."

बँकेतले चौधरी म्हणून एक गृहस्थ माझ्याही आधीपासून या गाडीत होते. बिचारे सरळ माणूस. एक दिवस चढावर गाडी धापा टाकायला लागली तेव्हा ते सहज बोलून गेले, "साहेब, दोन टाकून पाह्यता काय जरा?" झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ध्याच्या आर्वी नाक्यावर चौधरी नेहमीसारखे डबा घेऊन उभे होते. गाडी त्यांच्याजवळ हळू झाली. त्यांनी दाराला हात घातला. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, एक टाकला, लगेच तीन टाकला, आणि गाडी आचके देत पुढं गेली. चौधरी चालत जरी आले असते तरी त्यांनी आम्हाला गाठलं असतं, इतकी ती हळू होती. पण ते आले नाहीत. कोणत्याही स्वाभिमानी माणसानं तेच केलं असतं. आम्ही आतच बसून राहिलो.

क्लच प्लेटचं काय सांगू? साहेबांच्या गाडीला ती उदबत्तीसारखी लागे. आम्ही मागे बसलेले जळका वास ओळखायला शिकलो होतो. साहेब नाक वर करून म्हणत, "शेतात कोनीतरी पऱ्हाटी जाळून राह्यलं." भर आषाढात कापसाच्या वाळक्या काड्या कोण जाळतं, हे विचारायची सोय नव्हती. मेकॅनिकनं समजावलं तर मेकॅनिक बदलला जाई. वर्ध्यातले मेकॅनिक संपल्यावर ते गाडी आर्वीला दाखवायला लागले. दोष नेहमी कंपनीचा असे. पहिले लोखंड असं नव्हतं येत, पहिले माणसं अशी नव्हती.

आणि ज्या माणसाला गियरच्या दोन पायऱ्या चढायला वेळ नव्हता, त्याला नाश्त्याला मात्र हवा तेवढा वेळ होता. खरांगण्याला एका टपरीवर गाडी थांबलीच पाहिजे. तिथं साहेब काही म्हणता काही गाळत नसत. आधी तर्री-पोहे, मग त्यावर पुन्हा तर्री, मग आलूबोंडा, मग चहा, चहात साखर कमी म्हणून दुसरा चहा, आणि शेवटी सुपारी-तंबाखूचा खर्रा. तो खर्रा पन्नीत घोटून घोटून तयार व्हायचा आणि आम्ही गाडीच्या बोनेटला टेकून घड्याळ पाहायचो. माझं आणि राऊतबाबूंचं फारसं बिघडत नसे. आमच्या कचेऱ्यांत अजून हजेरीचं रजिस्टर होतं, आणि रजिस्टर समजूतदार असतं. मेश्राम मॅडमच्या कचेरीत मात्र नवीन साहेब आले आणि त्यांनी अंगठ्याची मशीन बसवली.

मशीनला खर्रा कळत नाही. मॅडमना उशिराबद्दल मेमो मिळाला. नव्या साहेबांनी बोलावून सांगितलं की आणखी एक झाला तर मी तुम्हाला जिल्ह्याबाहेर पाठवायला लिहीन. मुलगी दहावीला, घरी दुसरं कोणी नाही. मॅडमनी त्या संध्याकाळी गाडीत बसल्यावर अगदी नम्रपणे विषय काढला. "साहेब, सकाळी खरांगण्याले पाच मिन्टात उरकलं तर होईन काय? मले मेमो भेटला."

साहेबांनी आरशातून पाहिलं. "मॅडम, पोटाले मेमो नाई देता येत," ते म्हणाले, आणि राऊतबाबू इतके हसले की त्यांना ठसका लागला. हा विनोद पुढे चार दिवस चालला. त्या माणसाबद्दल माझ्या मनात जी काही थोडी गंमत होती, ती त्या दिवशी संपली. तेव्हापासून मला त्यांचा राग होता, साधा, सरळ राग, आणि आजही आहे.

 मॅडमनी एक जुनी गाडी घेतली, निळी, लहानशी, आणि सकाळी सहाच्या बॅचला ड्रायव्हिंग स्कूल लावलं. हे त्यांनी मला सांगितलं आणि कोणाला सांगू नका म्हणाल्या. कारण उघड होतं. लायसन्स हाती येईपर्यंत त्यांना याच गाडीत बसायचं होतं. ही जागा गेली असती तर बसनं रोज उशीर, म्हणजे दुसरा मेमो, म्हणजे बदली.

पण वर्धा केवढं? साहेबांना कळलंच. आम्हाला वाटलं, आता मॅडमचा चौधरी होणार. झालं त्याहून वाईट. साहेबांच्या चेहऱ्यावर दया पसरली. "स्कूलमधी? अवो, स्कूलवाले हात नासवतात. एक, दोन, तीन, चार! बालवाडी हाये काय? सोडा ते. मी शिकवतो तुमाले. रविवारी."

मॅडम नाही म्हणू शकल्या नाहीत. स्कूल सोडलं, असं त्यांना साहेबांना सांगावं लागलं. सोडलं अर्थातच नाही. आणि मग सुरू झाला तो प्रकार, ज्याच्यासारखा मी दुसरा पाहिलेला नाही. रोज पहाटे मॅडम स्कूलच्या गाडीत एक, दोन, तीन, चार शिकायच्या, आणि रविवारी सेवाग्राम रोडकडच्या एका रिकाम्या लेआउटमध्ये साहेबांसमोर ते विसरून दाखवायच्या. गाडी कोणाची? मॅडमची. आपल्या गाडीचा क्लच शिकाऊ माणसाच्या पायाखाली देण्याइतके साहेब दिलदार नव्हते. मी एकदा पाहायला गेलो. साहेब शेजारी बसलेले, मोजा आज मॅडमच्या डाव्या हातावर चढवलेला, कारण म्हणे त्यानं हाताला वळण लागतं. सिमेंटच्या खांबांच्या मधून ती निळी गाडी उचक्या देत जात होती आणि साहेबांचा आवाज खिडकीतून बाहेर येत होता, "तीन टाका! तीन! भेता काऊन?" गाडी बंद पडे. "हां. आता पुन्हा." पुन्हा बंद पडे. प्लॉटवर बकऱ्या चारणारी एक म्हातारी उभी राहून पाहत होती. ती मला म्हणाली, "चालवता येत नाई काय रे बाप्पा त्या मानसाले?" म्हातारीला वाटलं होतं, गाडी तोच चालवतोय. तिचं काही फार चुकलं नव्हतं.

लायसन्सच्या ट्रायलच्या दिवशी साहेब रजा टाकून आरटीओच्या मैदानावर आले. बोलावलं नव्हतं. राऊतबाबूंनाही आणलं होतं, आणि मी मॅडमच्या सांगण्यावरून गेलो होतो. कुंपणाच्या तारेला हात लावून साहेब उभे राहिले, कान मैदानाकडे लावून. "आवाजावरून मले सगळं समजते," ते म्हणाले. हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

मॅडम गाडीत बसल्या. शेजारी इन्स्पेक्टर. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. त्यांनी एकदा कुंपणाकडे पाहिलं. उद्या परत याच माणसाच्या गाडीत बसावं लागलं तर काय, हे त्यांच्याही डोक्यात असणार. लायसन्स नाही मिळालं आणि जागाही गेली, तर दोन्हीकडून गेल्या. साहेबांची पद्धत चालवली आणि गाडी बंद पडली तर नापास. स्कूलची चालवली आणि तरीही नापास झाल्या, तर उद्या आर्वी नाक्यावर त्या आणि त्यांचा डबा.

गाडी हलली. थोडी पुढे गेली. मॅडमचा हात खाली आला. दुसरा गियर पडला, लोण्यात सुरी जावी तसा, आणि मग तिसरा. वळणाआधी पुन्हा दुसरा. गाडी कुठं अडली नाही की रडली नाही. मैदानाला फेरी घालून ती परत जागेवर आली आणि इन्स्पेक्टर कागदावर सही करत उतरला.

मी टाळी वाजवली. साहेबांनी तारेवरचा हात काढला. राऊतबाबू कोणत्या बाजूला मान हलवावी म्हणून त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. "दोन टाकला," साहेब म्हणाले. एखाद्यानं आपल्या घरात चोरी केली तसं म्हणाले. मॅडम जवळ आल्या, नमस्कार करून म्हणाल्या, "साहेब, झालं." साहेबांनी त्यांच्याकडे न पाहता सांगितलं, "माह्या गाडीत दोनवाल्याले जागा नाई." आणि निघून गेले. मॅडमनी पर्समधून साहेबांनी ट्रायलसाठी दिलेला तो पांढरा मोजा काढून राऊतबाबूंच्या हातात दिला. द्यायला विसरू नका म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून मॅडम आपल्या गाडीनं जायला लागल्या आणि त्यांच्याबरोबर मीही. डॅशबोर्डवर बुद्धाची लहानशी मूर्ती, ती कधी हलायची नाही, इतकी गाडी शांत चाले. खरांगण्याला थांबायचं नाही, डबा आष्टीला जाऊन खायचा. मशीनवर मॅडमचा अंगठा रोज वेळेवर लागायला लागला. महिन्याभरात राऊतबाबूही आमच्या मागच्या सीटवर आले. कंबर दुखते म्हणाले. साहेब त्यांचेच अधिकारी, पण कंबर शेवटी आपली असते. चौधरींना आम्ही आधीच बोलावलं होतं, ते म्हणाले की मला आता बसची सवय झाली. साहेब एकटेच जायला लागले. ते कधी आमच्या पुढे असत, कधी मागे, आणि ओलांडताना आमच्याकडे पाहत नसत.

त्यांना शेवटचं जवळून पाहिलं ते मागच्या हिवाळ्यात. खरांगण्याच्या पुढे रस्ता जंगलातून चढतो. तिथं साहेबांची पांढरी गाडी चढावर आडवी-तिरपी उभी होती, मागच्या चाकाला दगड लावलेला. वास आम्हाला वळणावरच आला. साहेब बाजूला उभे होते, डाव्या हातात मोजा. हात दाखवला नाही. हात दाखवण्यातला माणूसच नव्हे तो. समोर पाहत होते, जणू झाडं मोजायला आलेत.

राऊतबाबू हळूच म्हणाले, "चला मॅडम, उशीर होईन." हे राऊतबाबू! मॅडमनी घड्याळ पाहिलं. त्या दिवशी आधीच रेल्वे फाटकावर वेळ गेला होता, आणि नवे साहेब काही विसरणारे नव्हते. तरी त्यांनी गाडी थांबवली.

साहेब आले. मागच्या दाराकडे नाही, ड्रायव्हरच्या दाराकडे. त्यांनी ते उघडलंसुद्धा. "सरका मॅडम," ते म्हणाले, "चढ हाये. तुमाले जमनार नाई."

मी त्या माणसाच्या निर्लज्जपणाकडे पाहतच राहिलो. मॅडमनी दार आपल्याकडे ओढून घेतलं. "साहेब, मांगं बसा," त्या म्हणाल्या. "मले थंब मारायचा हाये."

 साहेब मागे आले आणि राऊतबाबूंच्या शेजारी बसले. राऊतबाबू अंग चोरून खिडकीला चिकटले. गाडी चढावर उचलली, एक, दोन, आणि दुसऱ्यावरच तो सगळा चढ एका दमात काढला. वर आल्यावर तीन. मागून आवाज आला, "आता पाच टाका." मॅडमनी चार टाकला.  आष्टी येईपर्यंत साहेबांनी मोजा काढून खिशात घातला आणि पुन्हा बाहेर काढला, असं दोन-तीनदा केलं.

गावात शिरताच, चौकात, कचेरीच्या बऱ्याच अलीकडे, ते म्हणाले, "इथंच उतरवा." कोणाच्या गाडीतून आलो हे आपल्या शिपायाला दिसू नये म्हणून. मॅडमनी थांबवलं. साहेब उतरले, शर्ट सारखा केला. पानठेल्यावर ओळखीची दोघं-तिघं उभी होती, ती यांच्याकडे पाहायला लागली. साहेबांनी आमच्या गाडीच्या टपावर थाप मारली, आम्हालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आणि ठेल्याकडे तोंड करून सांगायला सुरुवात केली, "हे मॅडम आहेत ना, याइले गाडी मीच..."

मॅडमनी मागे पाहिलं नाही. त्यांनी एक टाकला, आणि साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत गाडी दोनवर गेली होती.